जेटच्या वाटेने येणारी सेसना

घाटकोपरला आमच्या घराच्या खिडकीतून, मुंबई विमानतळाची २७ क्रमांकाची धावपट्टी वापरात असते तेव्हा, दिवसभर एकामागून एक जेट विमाने चाके खाली सोडून पश्चिमेकडे उतरत जाताना दिसतात. यंदाच्या पावसाळ्यात त्याच खिडकीशेजारी टेबल मांडून, एक योक (विमानाचे सुकाणू), एक थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) आणि दोन पडदे जोडून, मी सिम्युलेटरमधली सेसना १७२, म्हणजे एका पिस्टन इंजिनाचे लहान विमान, त्याच धावपट्टीवर, त्याच विमानांच्या रांगेतून आणण्याचा सराव केला. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांपैकी माझे साठेक तास पूर्ण झाले आहेत. पावसाळ्यात प्रशिक्षणाची विमाने बराच काळ जमिनीवरच उभी राहतात, म्हणून मी घरी आले होते आणि हाताची सवय मोडू नये इतकाच माझा हेतू होता. दोन महिन्यांत त्यातून जे हाती लागले ते माझ्या अपेक्षेपेक्षा फार मोठे होते, आणि माझ्यासारख्या इतर प्रशिक्षणार्थींच्या उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे ते येथे सविस्तर लिहीत आहे.

या सरावाची कल्पना माझी नव्हे. आमच्याच इमारतीत दोन मजले खाली एक काका राहतात, ज्यांचे सारे नोकरीचे आयुष्य हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून रडारच्या पडद्यासमोर गेले. मी सुरुवातीला त्यांच्याकडे केवळ रेडिओवरचे बोलणे सुधारण्यासाठी जात असे. एकदा त्यांनी मला विचारले की सिम्युलेटरवर मी नेमके काय करते, आणि मी सांगितले की धावपट्टीभोवती सर्किट, म्हणजे ठरावीक चौकोनी फेऱ्या, आणि आयएलएसचे, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीकडे उतरत येण्याचे, ॲप्रोच. त्यावर ते म्हणाले, "ते तू विमानातही करतेसच. आता असे कर, जेटसाठी आखलेला आगमन मार्ग घे आणि तो सेसनाने पार करून दाखव."

"पण काका, सेसनाला असा मार्ग देतात का?"

"मुंबईत सहसा नाहीच. पण उद्या जेटच्या कॉकपिटमध्ये बसलीस की या मार्गावरचा प्रत्येक आकडा संगणकच पाळताना दिसेल, आणि तो आकडा तिथे कशासाठी लिहिला आहे हे विचारायची तुझ्यावर वेळच येणार नाही. संथ विमानातून गेलीस तर प्रत्येक आकड्यापाशी अडशील, आणि अडलीस की विचारशील."

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. स्टँडर्ड टर्मिनल अरायव्हल रूट, म्हणजे वैमानिकांच्या रोजच्या बोलण्यातला 'स्टार', हा उंचावरच्या हवाई मार्गावरून विमानतळाच्या ॲप्रोचपर्यंत आणून सोडणारा छापील रस्ता असतो. त्यावरील पुष्कळशा वेपॉइंटना, म्हणजे ठरवून दिलेल्या बिंदूंना, उच्चारता येईल असे पाच अक्षरी नाव असते, आणि त्यातील काही वेपॉइंटपाशी उंचीचे व वेगाचे बंधन लिहिलेले असते. आकड्याच्या खाली रेघ असेल तर त्या उंचीवर किंवा तिच्या वर, आकड्याच्या वर रेघ असेल तर त्या उंचीवर किंवा तिच्या खाली, आणि दोन्ही रेघा असतील तर नेमक्या त्याच उंचीवर, असा त्याचा अर्थ होतो. हे नकाशे आणि विमानातील नोंदसंच दर २८ दिवसांच्या चक्राने अद्ययावत होतात. हे आकडे कोणी सोयीसाठी लिहिलेले नसतात. एखाद्या बिंदूवर विमानाला वरच ठेवायचे, कारण त्याखालून उड्डाण केलेली विमाने चढत बाहेर पडत असतात. दुसऱ्या बिंदूच्या आत त्याला खाली आणायचे, कारण तिथून पुढे ॲप्रोच सुरू होतो. पूर्वेकडे सह्याद्री आहे, तेव्हा डोंगरावरची किमान उंचीही त्यातच मोजलेली असते. मुंबईत याला आणखी एक कारण जोडले जाते. येथील ०९/२७ आणि १४/३२ या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि येणाऱ्या विमानांची ओळ अगदी बारीक हिशोबाने लावावी लागते.

आमच्या सरावासाठी काकांनी खऱ्या नकाशांच्या धर्तीवर स्वतःच एक मार्ग आखला. दक्षिणेकडून किनाऱ्याला समांतर येणारा, मग रायगडवरून पूर्वेला वळणारा आणि शेवटी २७ च्या फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला, जोडणारा असा तो मार्ग होता. त्यातील नावे आणि आकडे त्यांचे स्वतःचे आहेत, त्यामुळे पुढे मी जे आकडे देणार आहे त्यांची मुंबईच्या अधिकृत नकाशांशी कोणीही गल्लत करू नये. पहिल्या बिंदूवर १५,००० फूट किंवा वर, दुसऱ्यावर ९,००० ते ११,००० फुटांच्या दरम्यान आणि २५० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), तिसऱ्यावर ७,००० फूट आणि २२० नॉट, त्यानंतर डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाणाऱ्या टप्प्यावर, ४,००० फूट आणि २१० नॉट. जेटसाठी यात विशेष असे काहीच नाही. सेसनासाठी मात्र पहिला आकडाच छताच्या वरचा आहे, कारण १७२एस या प्रकाराची सर्व्हिस सीलिंगच, म्हणजे व्यवहारात गाठता येणारी कमाल उंचीच, १४,००० फूट आहे, आणि त्या उंचीजवळ विमान इतके सावकाश चढते की गोव्याहून निघालेल्या प्रवासात तिथवर पोहोचण्यात काही अर्थ उरत नाही.

मी पहिल्या दिवशी दाबोळीहून ८,००० फुटांच्या पातळीवर निघाले तेव्हा हा नकाशा मी वाचला होता, पण जोखला नव्हता. पहिला बिंदू वीस मैलांवर आल्यावर मला उंचीचे बंधन आठवले आणि मी रेडिओवर ते पाळता येणार नसल्याचे सांगितले. या सरावात नियंत्रकाची भूमिका घेऊन हेडफोनवर बोलणाऱ्या काकांनी शांतपणे नवी उंची दिली, पण उड्डाण संपल्यावर त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, माझ्या हातात पेन्सिल दिली आणि जे आकडे माझ्या विमानाला कधीच शक्य नव्हते त्या प्रत्येकावर रेघ मारायला लावली. चारपैकी उंचीचा एक आणि वेगाचे तिन्ही आकडे खोडले गेले. हे काम जमिनीवर, निघण्यापूर्वी करायचे असते, इतकेच ते म्हणाले. अमेरिकेत ज्या वैमानिकाला असा मार्ग नको असतो तो फ्लाइट प्लॅनच्या रिमार्क्समध्ये 'नो स्टार' असे लिहून देऊ शकतो, म्हणजे नकार देण्याची जागा तेथील पद्धतीने कागदावरच करून ठेवलेली आहे. तेथील नकाशांवर काही ठिकाणी 'एक्स्पेक्ट' असे लिहून उंची दिलेली असते, आणि नियंत्रकाने तोंडी सांगेपर्यंत ती बंधनकारक नसते, केवळ आखणीसाठी असते. हा भेद नवशिक्यांकडून फार वेळा निसटतो, आणि माझ्याकडूनही निसटला असता.

यानंतर आम्ही खाली येण्याच्या गणिताकडे वळलो, आणि तेथे मला खरे आश्चर्य वाटले. प्रशिक्षणात आम्हाला तीनचा नियम शिकवतात. जितके हजार फूट उतरायचे त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला सुरुवात करायची, आणि जमिनीवरील वेगाला पाचने गुणले की उतरण्याचा दर फूट प्रतिमिनिटात मिळतो. १०,००० फुटांवरून समुद्रसपाटीला येण्यासाठी जेट आणि सेसना दोघांनाही साधारण तीस मैलच लागतात. फरक वेळेचा आहे. २५० नॉटने जाणारे जेट हे अंतर साडेसात मिनिटांच्या आत संपवते आणि मिनिटाला साडेबाराशे फुटांनी खाली येते, तर १२० नॉटने जाणाऱ्या सेसनाला त्यासाठी पंधरा मिनिटे लागतात आणि मिनिटाला सहाशे फुटांचा दर पुरतो. इथपर्यंत मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की तीनच्या नियमाचा, म्हणजे साधारण तीन अंशांचा, तो उतार मुळात जेटच्या स्वभावाला धरून आहे. जेटची इंजिने आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी ताकदीवर, आणली की ते ढोबळमानाने हजार फुटांना तीन मैल याच उतारावरून घसरत येते. सेसना १७२ इंजिन बंद पडल्यास ६८ नॉटला हजार फुटांमागे जेमतेम दीड मैल तरंगते, म्हणजे तिचा स्वाभाविक उतार जवळजवळ दुप्पट तीव्र आहे. जेटच्या वैमानिकाला आगमन मार्गावर सतत एकच धास्ती असते की आपण उंच आणि वेगात तर राहिलो नाही ना, कारण त्याचे विमान एकाच वेळी खालीही येत नाही आणि मंदही होत नाही. पिस्टन विमानाच्या वैमानिकाला ही धास्ती जवळपास नसतेच. त्याला खाली येणे आणि मंद होणे दोन्ही सोपे असते. त्याला अवघड असते ते जेटच्या उतारावर टिकून राहणे, आणि त्यासाठी त्याला वाटभर इंजिनाची ताकद लावून ठेवावी लागते.

हे समजल्यावर मी पहिल्या दिवशी केलेली दुसरी चूकही ध्यानात आली. विमानातल्या जी१००० या उपकरणसंचाच्या पडद्यावर उभ्या मार्गाचे मार्गदर्शन दिसू लागताच मी ऑटोपायलटला त्यावर सोडले आणि वेग वाढू नये म्हणून थ्रॉटल एकदम मागे ओढला. ऑटोपायलट नाक खाली-वर करू शकतो, पण या विमानात थ्रॉटलला हात लावणारे दुसरे कोणी नसते. ८,००० फुटांवरची थंड हवा, वाढलेला वेग आणि बंद केलेली ताकद यांमुळे सिलिंडर हेडचे तापमान भराभर उतरले. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनांच्या बाबतीत ती बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीची सूचना अशी आहे की तापमानातील बदल मिनिटाला ५० अंश फॅरेनहाइटपेक्षा जास्त होऊ देऊ नये. अशा अचानक थंड होण्याने सिलिंडरना प्रत्यक्षात किती इजा होते यावर वैमानिकांमध्ये आणि मेकॅनिकांमध्ये मतभेद आहेत, तरी ज्या विमानावर माझ्यानंतर दुसरा प्रशिक्षणार्थी बसणार आहे त्याच्या इंजिनाशी असा प्रयोग करण्याचा मला अधिकार नाही असे मी मानते. माझ्या सिम्युलेटरमध्ये सिलिंडरला तडा जात नाही. म्हणून काटा पाहण्याची सवय मला स्वतःला मुद्दाम लावून घ्यावी लागली. आता मी उतरण्याच्या पाच मिनिटे आधीपासून आरपीएम शंभर-शंभरने कमी करत येते, आणि उंची घटेल तसे मिक्श्चर (हवा-इंधनाचे मिश्रण) थोडे थोडे समृद्ध करत जाते, कारण वर पातळ केलेले मिश्रण खालच्या घन हवेत तसेच राहिले तर इंजिन खडखडू लागते.

जुन्या, कार्ब्युरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) असलेल्या १७२ मध्ये आणखी एक धोका असतो आणि मुंबईत त्याचा विचार आवर्जून करायला हवा. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्यासाठी बाहेर थंडी असावी लागते असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद भागातून जाताना तापमान इतके घसरते की बाहेर पंचवीस-तीस अंश असतानाही, हवा दमट असेल आणि थ्रॉटल मागे असेल, तर बर्फ धरू शकतो. ऑगस्टमधील कोकणकिनारा, ढगांमधून चाललेला लांबलचक उतार आणि कमी केलेली ताकद यापेक्षा त्याला पोषक परिस्थिती दुसरी कुठली असेल असे मला वाटत नाही. जेटचा मार्ग पिस्टन विमानाला अशा स्थितीत दुप्पट वेळ ठेवतो, हे नकाशावर कुठेही लिहिलेले नसते.

त्याच नकाशावर न लिहिलेली आणखी एक गोष्ट समुद्राची आहे. दोन इंजिनांच्या जेटसाठी किनाऱ्यापासून पंचवीस मैल समुद्रात आखलेला टप्पा आणि किनाऱ्यावरून जाणारा टप्पा यांत काही फरक नसतो. एका इंजिनाच्या विमानाला ८,००० फुटांवरून, वारा नसताना, बारा मैलच तरंगता येते. काकांच्या मार्गाचा दुसरा टप्पा पाण्यावरून जात होता, आणि तिथे मी तिसऱ्या उड्डाणापर्यंत एकदाही इंजिन बंद पडल्यास कुठे जाईन हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. पूर्वेकडे वळल्यावर प्रश्न उलटा होतो. तेथे खाली जमीन असते, पण ती माथेरान, मलंगगड आणि प्रबळगड यांच्या डोंगरांची असते, आणि ४,००० फुटांवर डाउनविंडला असताना सपाट जागा शोधायची तर पनवेलच्या बाजूला आधीच पाहून ठेवावी लागते.

आता त्या उड्डाणाविषयी लिहिते ज्यानंतर मी दोन दिवस सिम्युलेटर लावला नाही. चौथी किंवा पाचवी फेरी असावी. सिम्युलेटरमध्ये पावसाळी हवा लावलेली होती, पश्चिमेचा जोरदार वारा होता, माझ्यामागे दोन जेट विमाने होती आणि मी ३,००० फुटांवर फायनलकडे वळत होते. हेडफोनमध्ये काकांचा नियंत्रकाचा आवाज आला की चार मैलांपर्यंत १६० नॉट राखा. हा वेग जगभर जेटना फायनलवर सर्रास दिला जातो. मी तत्क्षणी तो मान्य करून रेडिओवर पुन्हा म्हणून दाखवला. १७२एस चा वेगमापक १२९ नॉटला हिरवा पट्टा संपवतो, तिथून पुढचा पिवळा पट्टा केवळ शांत हवेसाठी असतो, आणि १६३ ला लाल रेघ असते. सपाट उड्डाणात तर पूर्ण ताकद लावूनही ती १२५ नॉटच्या आसपासच थांबते. हे आकडे मला पाठ आहेत, कोणी झोपेतून उठवून विचारले तरी मी ते सांगेन. तरीही मी थ्रॉटल पुढे ढकलला, वेग मिळावा म्हणून नाक खाली केले, धक्के बसणाऱ्या हवेत काटा पिवळ्या पट्ट्यात १४५ पर्यंत नेला आणि मंजूर उंचीपेक्षा चारशे फूट खाली गेले. काकांनी मला फायनलवरून बाजूला काढले आणि उड्डाण तिथेच थांबवले.

मी खाली त्यांच्या घरी गेले तेव्हा ते रागावलेले नव्हते. काकूंनी चहा ठेवला होता. ते म्हणाले, "तू 'अनेबल', म्हणजे जमणार नाही, असे म्हणाली असतीस तर मी मागच्याला तेव्हाच मंद केले असते, किंवा तुला एक चक्कर मारायला लावून दोघांना पुढे काढले असते. माझ्याकडे चार मार्ग होते. तू 'हो' म्हणालीस, आणि मी तुझ्या शब्दावर पुढचे गणित मांडले."

"मला वाटले तुम्ही सांगितले म्हणजे करायलाच हवे."

"अगं, मी सांगतो तेव्हा मी विचारतोही आहे. तुझ्या विमानाला काय जमते हे तुला माहीत, मला नाही. माझ्या पडद्यावर तू एक ठिपका आहेस."

मोठ्या माणसाने काही सांगितले की आधी हो म्हणायचे आणि मग ते कसे जमवायचे ते पाहायचे, हे आपल्या घरांत आपण लहानपणापासून करत आलेलो असतो, आणि त्यात आदराचाच भाग असतो. रेडिओवर मात्र हेच वळण घातक ठरू शकते. 'अनेबल' हा शब्द तिथे उद्धटपणाचा नसून माहितीचा आहे, आणि तो जितका लवकर उच्चारला जाईल तितका नियंत्रकाला उपयोगी पडतो. हे मला वाचून कळले होते, पण आवाजावर ताबा ठेवून ते म्हणता येण्यासाठी मला पुढील तीन-चार फेऱ्या लागल्या. आता मी पहिल्याच संपर्कात सांगते की विमान सेसना १७२ आहे, फायनलवर कमाल ११० नॉट शक्य आहे, चार मैलांनंतर ७० पर्यंत कमी करीन. हे एक वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात.

त्या पाच सेकंदांची किंमत काय आहे, हे काकांनी मला पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवले. शेवटचे दहा मैल १६० नॉटने पार करायला पावणेचार मिनिटे लागतात. तेच ९० नॉटने पार करायला सहा मिनिटे चाळीस सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात मागचे १६० नॉटचे जेट जवळजवळ अठरा मैल पुढे येते. म्हणजे दहा मैलांच्या फायनलमध्ये मागचे विमान संथ विमानाच्या सुमारे आठ मैल जवळ सरकते. वीसला सुरुवात झाली असेल तर बारा उरतात, आठला झाली असेल तर काहीच उरत नाही. त्यात पावसाळ्याचा समोरून येणारा तीस नॉटचा वारा धरला तर सेसनाचा जमिनीवरचा वेग साठ नॉटवर येतो आणि दहा मैलांना तब्बल दहा मिनिटे लागतात, तर जेटला जेमतेम साडेचारच. वारा दोघांना सारखाच लागतो, पण तो संथ विमानाच्या वेगाचा तिसरा हिस्सा खाऊन टाकतो. पुढच्या बाजूचा हिशोब वेगळा आहे. हलक्या विमानाला पुढील मध्यम वजनाच्या जेटच्या मागे पाच मैल आणि जड जेटच्या मागे सहा मैल ठेवावे लागते, कारण त्यांच्या पंखांच्या टोकांवरून सुटणारे भोवरे हजार-अकराशे किलोच्या विमानाला सहज कलंडवू शकतात. म्हणून शेवटी फायनलवर मी पुढील विमानाच्या उतारापेक्षा किंचित वर राहते आणि जिथे त्याची चाके टेकली त्याच्या पुढे टेकण्याचा प्रयत्न करते. २७ ची लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर असल्यामुळे सेसनाला यात अडचण येत नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या गर्दीच्या आकाशात या प्रश्नाला कागदावरच उत्तर दिलेले आहे, आणि सिम्युलेटरवर उडणाऱ्यांनी ते एकदा तरी पाहावे असे मी सुचवेन. तेथील टॉवर एनरूट कंट्रोलच्या, म्हणजे जवळच्या विमानतळांमधल्या कमी उंचीवरच्या उड्डाणांसाठीच्या, ठरावीक मार्गांच्या तक्त्यात प्रत्येक मार्गापुढे विमानांचा वर्ग अक्षराने लिहिलेला असतो. जे म्हणजे जेट, एम म्हणजे १९० नॉट किंवा त्याहून अधिक वेगाची टर्बोप्रॉप (टर्बाइनने प्रोपेलर फिरवणारी) विमाने, पी म्हणजे तितक्याच वेगाची इतर बिगरजेट विमाने आणि क्यू म्हणजे १८९ नॉट किंवा त्याहून कमी वेगाची बिगरजेट विमाने. त्याच दोन विमानतळांमध्ये जेटचा मार्ग वेगळा आणि क्यू वर्गाचा वेगळा, बहुधा खालून आणि जवळून जाणारा असतो. मी तो तक्ता प्रथम पाहिला तेव्हा मला समाधान वाटले की संथ विमानाची दखल इतक्या काटेकोरपणे घेतली गेली आहे. तेथील आगमन नकाशांवरही केवळ टर्बोजेट विमानांसाठी अशी टीप पुष्कळदा आढळते. आपल्याकडे मुख्य विमानतळावर पिस्टन विमानच विरळा, त्यामुळे तशी गरज फारशी भासत नसावी. ज्या शहरात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका इंजिनाचे पुस मॉथ विमान जुहूला उतरवले, त्या शहरात आज लहान विमानाला पाहुण्यासारखे यावे लागते, याची मला थोडी हळहळ वाटते. जुहूची धावपट्टी अजून आहे, पण तिथे आता मुख्यतः हेलिकॉप्टर दिसतात.

ऑगस्टच्या शेवटी काकांनी मला सेसनावरून बीचक्राफ्ट बॅरनवर नेले. बॅरन ५८ हेही पिस्टन विमानच, पण त्याला ३०० अश्वशक्तीची दोन इंजिने आहेत आणि ते २०० नॉटच्या आसपास जाते. इथे प्रश्न बदलतो. फायनलवर १६० नॉट त्याला आरामात जमतात, पण चाके सोडण्याची मर्यादा १५२ नॉट आहे, त्यामुळे चार मैलांवर, सुमारे तेराशे फुटांवर, १६० ने पोहोचल्यावर वेग कमी करणे, चाके सोडणे, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) देणे आणि साधारण ९५ नॉटवर स्थिर होणे, हे सारे अडीच मिनिटांपेक्षा कमी वेळात उरकावे लागते. जेटला हे जड गेले असते. पिस्टन विमानात मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनाची ताकद, हळूहळू कमी करून प्रोपेलरचे लिव्हर पुढे नेले की पाती हवेला आडवी येतात आणि ब्रेकसारखी काम करतात. हे कळल्यावरही मला दोन वेळा ॲप्रोच सोडून परत वर जावे लागले. तिसऱ्या वेळी ते जमले, आणि जमले तेव्हा माझ्या लक्षात आले की मी आता नकाशावरच्या २१० आणि १६० या आकड्यांकडे अडथळा म्हणून पाहत नव्हते. कोणता आकडा माझ्या मागच्यासाठी आहे, कोणता पुढच्यासाठी आणि कोणता डोंगरासाठी, हे मला बिंदू जवळ येण्याआधीच दिसत होते.

होल्डिंगचा, म्हणजे वाट पाहत एकाच ठिकाणी फेऱ्या मारण्याचा, एक लहानसा हिशोब सांगायचा राहिला. सेसनाला प्रमाण दराने वळण्यास अर्ध्या वर्तुळाला एक मिनिट लागते आणि सरळ बाजू एका मिनिटाची, म्हणजे पूर्ण फेरी चार मिनिटांची, आणि १०० नॉटला तिची सरळ बाजू दोन मैलांपेक्षाही लहान. जेटची फेरी यापेक्षा लांब आणि कितीतरी जास्त जागा व्यापणारी असते. याचा अर्थ संथ विमान थोड्या जागेत वेळ घालवण्यात अत्यंत सोयीचे असते. काका म्हणतात की त्यांना रांगेत सर्वांत जास्त आवडणारे विमान तेच, फक्त त्याच्या वैमानिकाने आपण किती संथ आहोत हे वेळेवर सांगितलेले असावे. मात्र रांगेला जागा करून देण्यासाठी मार्ग चाळीस मैलांनी लांबवला, तर जेटला दहा मिनिटे जास्त लागतात आणि सेसनाला बावीस, आणि त्या बावीस मिनिटांत बारा-तेरा लिटर इंधन जळते. गोव्याहून निघताना मी आता ते वेगळे धरते.

गेल्या रविवारी सेसनाने पुन्हा तोच मार्ग घेतला. निघण्यापूर्वी आकडे खोडून झाले होते आणि पहिल्याच संपर्कात माझे वाक्य बोलून झाले होते. काकांनी पहिल्या बिंदूला ८,००० फूट दिले, समुद्रावरचा टप्पा माझ्या विनंतीवरून किनाऱ्याजवळ आणला, आणि पनवेलच्या दक्षिणेला दोन फेऱ्या होल्ड करायला लावून तीन जेट विमाने पुढे काढली. मग ११० नॉट, चार मैलांपर्यंत. सिलिंडरचे तापमान पूर्ण उतारभर एका मिनिटातही वीस अंशांपेक्षा जास्त पडले नाही. मी फायनलवर असताना खिडकीबाहेर एक खरे विमान डोक्यावरून गेले आणि पडद्यावरची सेसना घाटकोपरवरून, त्याच्याच मागे, जवळजवळ निम्म्या वेगाने पुढे सरकत राहिली. टेकल्यावर काकांनी डावीकडच्या टॅक्सीवेने बाहेर पडायला सांगितले, आणि पुढच्या आठवड्यासाठी अहमदाबादहून येणारा नवा मार्ग आखून ठेवला आहे, तो घेऊन जायला खाली ये, म्हणून निरोप दिला.